लैंगिक कलावरून सैन्यातून डिस्चार्ज मिळाला असेल तर आज त्या आदेशाची फेरतपासणी होऊ शकते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे. सप्टेंबर २००५ मध्ये ते शिपाई म्हणून भरती झाले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये, अकरा वर्षांहून थोडी अधिक सेवा झालेली असताना, ‘सेवेची आवश्यकता नाही’ या सदराखाली त्यांना डिस्चार्ज देण्यात आला. त्याआधी बराकीच्या तपासणीत त्यांचा मोबाइल जप्त झाला होता आणि त्यात एका पुरुषाशी झालेले प्रेमाचे संदेश सापडले होते. कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करांतर्गत चौकशी) झाली, कारणे दाखवा नोटीस आली आणि महिन्याभरात ते घरी आले. कोर्ट मार्शल झाले नाही. कंडक्ट शीटवर (वर्तनाच्या नोंदपत्रावर) एकही रेड इंक एंट्री (शिक्षेची लाल शाईतील नोंद) नाही. ते विचारतात की २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हा डिस्चार्ज रद्द होऊ शकतो का, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अशा सैनिकांचे कागद बदलून देणारी यंत्रणा आहे तशी आपल्याकडे आहे का, पेन्शनची काही आशा आहे का, आणि हे सगळे करताना गावात बोभाटा होणार नाही ना.

उत्तर: दाद मागता येते. मात्र ज्या निकालावर तुमची सगळी भिस्त आहे तो तुमच्या अर्जाचा मुख्य आधार होऊ शकत नाही, आणि तसा केल्यास नुकसान होण्याचाच संभव अधिक आहे. तुमचा आदेश २०१६ साली काढला गेला आणि तो २०१६ साली जो कायदा लागू होता त्याच कायद्यावर घासून पाहिला पाहिजे. माझ्या मते तो त्या कसोटीवरही टिकत नाही. हे नीट समजून घेतले तर पुढची सगळी मांडणी सोपी होते, म्हणून आधी २०१८ च्या निकालाविषयी.

६ सप्टेंबर २०१८ रोजी नवतेज सिंग जोहर प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने भारतीय दंड संहितेचे कलम ३७७, प्रौढ व्यक्तींच्या परस्परसंमतीने खासगीत झालेल्या संबंधांपुरते, घटनाबाह्य ठरवले. त्या निकालाचे मोल मी तिळमात्र कमी करत नाही. परंतु त्याच निकालात हेही नमूद आहे की त्याचा आधार प्रलंबित प्रकरणांत घेता येईल, संपलेले खटले मात्र त्यामुळे पुन्हा उघडले जाणार नाहीत. तुमच्यावर खटला चाललेला नाही, प्रशासकीय कारवाई झाली आहे, त्यामुळे हा अडसर शब्दशः तुम्हाला लागू होत नाही. तरीही सरकारी वकील तो दाखवतील हे धरून चाला. ज्यांना कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा झाली आणि ती कायम झाली, त्यांची वाट तुमच्यापेक्षा बरीच बिकट आहे.

दुसरा अडसर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ चा आहे. सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्कांवर किती मर्यादा घालायच्या हे ठरवण्याचा अधिकार त्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे आणि आर्मी अ‍ॅक्ट १९५० हा त्याच अधिकारातून येतो. व्यभिचाराचे कलम सप्टेंबर २०१८ मध्येच जोसेफ शाइन प्रकरणात रद्द झाले होते. ३१ जानेवारी २०२३ रोजी घटनापीठाने स्पष्ट केले की तो निकाल सैन्यदलांच्या कायद्यांविषयी नव्हता. समलैंगिकतेच्या प्रश्नावरही सरकार हाच युक्तिवाद पुढे करेल. जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पत्रकार परिषदेत, सैन्यात हे चालू दिले जाणार नाही, अशी भूमिका जाहीरपणे मांडली होती, आणि त्यानंतर कायद्यात या विषयावर कोणतीही दुरुस्ती झालेली नाही. हा मोठा घटनात्मक प्रश्न एक ना एक दिवस निकाली निघेल, तो सैनिकांच्या बाजूने निघावा असे मला मनापासून वाटते. पण तो निकाली निघेपर्यंत तुमच्या पेन्शनने वाट पाहावी, असा सल्ला मी कोणत्याही अशिलाला देणार नाही.

परदेशातील यंत्रणेविषयी तुम्ही वाचलेले खरे आहे. अमेरिकेत समलैंगिक असल्याचे उघड झालेल्या सैनिकांना काढून टाकण्याचे १९९३ पासूनचे धोरण २० सप्टेंबर २०११ रोजी संपले आणि त्याखाली बाहेर पडलेल्यांना डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे पंधरा वर्षांच्या आत, आणि त्यापलीकडच्या प्रकरणांत लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या बोर्डाकडे अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या सप्टेंबर १९९९ च्या निकालानंतर जानेवारी २००० मध्ये समलैंगिकांवरील सैन्यसेवेची बंदी उठली, जुलै २०२३ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली आणि पुढे बडतर्फ केलेल्यांना प्रत्येकी ५०,००० पौंड देण्याची योजना आली. आपल्याकडे असे स्वतंत्र बोर्ड नाही, योजनाही नाही. इथे जे आहे ते सर्व सैनिकांसाठी समान आहे, म्हणजे लष्कराकडे निवेदन आणि त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. मार्ग वेगळा नसला तरी त्या मार्गावर तुमच्यासारख्या प्रकरणाला जागा आहे.

आता तुमच्या आदेशाकडे येऊ. सैन्यातून बाहेर काढण्याचे तीन निरनिराळे मार्ग आहेत आणि गावाकडे त्या सगळ्यांनाच ‘काढून टाकला’ असे म्हटले जात असल्याने बऱ्याच जवानांना आपण नेमके कोणत्या मार्गाने बाहेर आलो हेच ठाऊक नसते. कोर्ट मार्शलच्या शिक्षेने झालेली बडतर्फी हा एक. कलम २० आणि आर्मी रूल्स १९५४ मधील नियम १७ खाली लष्करप्रमुखांनी किंवा अधिकार असलेल्या अन्य अधिकाऱ्याने केलेली बडतर्फी अथवा रिमूव्हल हा दुसरा. आणि नियम १३ खालचा डिस्चार्ज हा तिसरा. तुमच्या डिस्चार्ज बुकात नियम १३(३), तक्ता ३, बाब ५ असा उल्लेख आहे. ही ‘इतर सर्व प्रकारचे डिस्चार्ज’ अशी उरलेसुरले सामावून घेणारी बाब आहे आणि वर्षानुवर्षे तिचा वापर नको असलेला माणूस कोर्ट मार्शल न करता घरी पाठवण्यासाठी होत आला आहे. तुमच्या दृष्टीने मात्र ती तिन्हींत बरी, कारण डिस्चार्ज म्हणजे बडतर्फी नव्हे. पेन्शन नियमांनुसार बडतर्फ झालेल्याची आधीची सगळी सेवा सामान्यतः पेन्शन आणि ग्रॅच्युइटीसाठी बुडते. डिस्चार्ज झालेल्याची तशी बुडत नाही.

या बाबीखाली आदेश काढण्याचा अधिकार ब्रिगेड कमांडर किंवा सब एरिया कमांडर यांना आहे, युनिटच्या सीओंना (कमांडिंग ऑफिसरना) नाही. आणि परिस्थिती शक्य करील तेथे जवानाला कारणे दाखवण्याची संधी देण्याचे बंधनही त्याच अधिकाऱ्यावर आहे. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीची प्रत मी पुन्हा पुन्हा वाचली. एकच परिच्छेद आहे. त्यात कोणत्याही कृत्याची तारीख नाही, ठिकाण नाही, कोणते कलम मोडले याचा उल्लेख नाही. तुमच्या मोबाइलमधील संदेशांवरून तुमच्या प्रवृत्तीची खात्री पटली असून तुम्ही युनिटमध्ये राहणे शिस्तीस बाधक आहे, एवढाच मथितार्थ आहे. उत्तरासाठी अठ्ठेचाळीस तास दिले आहेत. खाली सही सीओंची आहे. आणि तुमचे म्हणून जे उत्तर फाइलला लागले आहे ते ज्या टंकयंत्रावर किंवा प्रिंटरवर नोटीस निघाली त्याच साच्यातले, त्याच समासाचे, त्याच शब्दयोजनेचे आहे; शेवटी फक्त तुमची सही. हे उत्तर क्लार्कने आणून दिले आणि तुम्ही सही केली, असे तुम्ही लिहिले आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की न्यायाधिकरणाला फारसे समजावून सांगावे लागणार नाही.

२८ डिसेंबर १९८८ चे लष्करी मुख्यालयाचे धोरणपत्र तुमच्यासाठी महत्त्वाचे आहे. नको असलेल्या किंवा अकार्यक्षम जवानांना या नियमाखाली काढायचे असेल तर आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी झाली पाहिजे, जवानाला आपली बाजू मांडण्याची रास्त संधी मिळाली पाहिजे, आणि निर्णय घेताना त्याची एकूण सेवा, खडतर ठिकाणच्या नेमणुका, पेन्शनपात्र सेवेपासून तो किती जवळ आहे या गोष्टी विचारात घेतल्या पाहिजेत, असे त्या पत्रात सांगितले आहे. हे पत्र निव्वळ मार्गदर्शक असून बंधनकारक नाही, असा सरकारचा युक्तिवाद असे. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी वीरेंद्र कुमार दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्या जवानावर अनेक रेड इंक एंट्री होत्या, तरीही चौकशीशिवाय झालेला डिस्चार्ज न्यायालयाने रद्द केला. तुमच्यावर एकही नाही, आणि तुमचा आदेश त्या निकालानंतर वर्षभराने निघाला आहे. म्हणजे आदेश काढणाऱ्यांसमोर कायदा स्पष्ट होता. तुम्ही उंचावरील चौकीवर काढलेले दोन हिवाळे त्या आदेशात कोठेही विचारात घेतलेले दिसत नाहीत.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली होती, मग चौकशी झालीच, असे उत्तर येईल. त्यावर आर्मी रूल्समधील नियम १८० पाहावा. ज्या चौकशीत जवानाच्या चारित्र्यावर किंवा लष्करी लौकिकावर परिणाम होण्याचा संभव असेल, तेथे संपूर्ण चौकशीत हजर राहण्याची, निवेदन करण्याची, पुरावा देण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची पूर्ण संधी त्याला मिळालीच पाहिजे. तुमच्या सांगण्यानुसार तुम्हाला एकदाच आत बोलावले, मोबाइल तुमचाच का एवढे विचारले आणि बाहेर बसवले. हे तसेच्या तसे शपथपत्रात यावे; त्यात भर नको आणि सजावटही नको.

आता मुद्द्याचा गाभा. २०१६ मध्ये सुरेश कुमार कौशल प्रकरणाचा ११ डिसेंबर २०१३ चा निकाल अमलात होता, ज्याने कलम ३७७ पुन्हा पूर्णपणे लागू केले. समलैंगिक व्यक्तींच्या दृष्टीने तो अत्यंत वेदनादायक निकाल होता. पण त्या निकालानेसुद्धा असे म्हटले होते की कलम ३७७ कोणत्याही विशिष्ट लोकांना, ओळखीला किंवा कलाला गुन्हा ठरवत नाही. ते केवळ काही कृत्ये गुन्हा म्हणून सांगते. म्हणजे देशातील कायदा तुमच्या सर्वांत विरोधात होता त्या दिवशीही, एका पुरुषाने दुसऱ्या पुरुषाला प्रेमाने लिहिलेला संदेश हा गुन्हा नव्हता. आर्मी अ‍ॅक्टमध्येही लैंगिक कलाला शिक्षा सांगणारे कलम नाही. कलम ४६(अ) ‘क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला’ सात वर्षांपर्यंत कैद सांगते, कलम ६३ शिस्तीला बाधक कृत्याला सांगते; दोन्हींना वर्तन किंवा कृत्य लागते. कलम ४५ तर अधिकारी, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि वॉरंट ऑफिसर यांच्यापुरतेच आहे, शिपायाला लागूच नाही. तुमच्या नोटिशीत कृत्य नाही. त्यात तुमची प्रवृत्ती आहे, आणि प्रवृत्तीवरून माणूस काढण्याची तरतूद २०१६ साली कोठेही नव्हती. तुमच्या अर्जाचा कणा हा असावा. २०१७ चा पुट्टस्वामी निकाल, ज्याने लैंगिक कल हा खासगीपणाच्या हक्काचा अविभाज्य भाग मानला, आणि २०१८ चा जोहर निकाल हे त्यानंतर, पुष्टी म्हणून यावेत. ते आधी आणले की सरकारला अनुच्छेद ३३ ची ढाल पुढे करता येते; या क्रमाने आणले की ती ढाल कशाच्या बचावासाठी धरायची हाच प्रश्न उरतो, कारण संसदेने जी मर्यादा घातलीच नाही तिचे समर्थन अनुच्छेद ३३ ने होत नाही.

मोबाइल बाळगण्याबाबतच्या युनिटच्या आदेशाचा भंग झाला होता, असे सरकार म्हणू शकते. झाला असेल तर तो वेगळा आरोप आहे. त्यासाठी कलम ८० खाली सीओ स्वतः शिक्षा देऊ शकले असते, आणि ती दिली गेलेली नाही. नोटिशीत नसलेले कारण नंतर शपथपत्राने आदेशाला चिकटवता येत नाही.

तुम्ही ओझरते लिहिले आहे की डिस्चार्जपूर्वी तुम्हाला लष्करी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले होते. ते कागद अवश्य मिळवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आहे. तुम्हाला वैद्यकीय कारणावरून अयोग्य ठरवायचे असते तर त्यासाठी इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड बसवणे आवश्यक होते. तसे काही झालेले नाही. मानसोपचारतज्ज्ञाने ‘आजार नाही’ असा शेरा दिला असेल, आणि अशा बऱ्याच प्रकरणांत तो तसाच असतो, तर तो तुमच्या उपयोगाचा आहे.

आता सर्वांत अवघड बाजू, म्हणजे उशीर. न्यायाधिकरणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २२ नुसार अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुमची मुदत कधीच उलटली आहे. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण पुरेसे कारण हे दोनच शब्द असले तरी त्यात प्रत्येक कालखंडाचा हिशेब द्यावा लागतो. आता नवे निवेदन पाठवून त्याच्या उत्तरापासून मुदत नव्याने सुरू होईल, असे तुम्हाला कोणी सांगितले असेल तर ते मनातून काढून टाका. शिळ्या मागणीला आलेल्या उत्तराने मुदत जिवंत होत नाही, हे सी. जेकब प्रकरणात २००८ मध्येच ठरले आहे. त्याचप्रमाणे ‘पुढे कायदा बदलला’ एवढ्या एकाच कारणावर विलंब माफ होईल या भरवशावर राहू नका.

तरीही तुमच्या उशिराला एक असे कारण आहे जे इतर जवानांना नसते. नोव्हेंबर २०१६ ते ६ सप्टेंबर २०१८ या काळात तुम्ही अर्ज केला असता तर आपल्या खासगी नात्याविषयी शपथेवर बोलावे लागले असते, आणि कलम ३७७ तेव्हा अमलात होते. दाद मागणाऱ्यानेच फौजदारी कारवाईच्या दारात उभे राहायचे, अशी ती स्थिती होती. त्या काळातले तुमचे मौन कायद्यानेच लादलेले होते, हे स्पष्ट शब्दांत मांडा. १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा करोनाचा काळ सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून मुदतीच्या गणनेतून वगळला होता. तुमची मुदत त्यापूर्वीच संपलेली असल्याने त्याचा थेट लाभ मागता येणार नाही, पण स्पष्टीकरणात त्याचा उल्लेख रास्त आहे. उरलेल्या वर्षांसाठी तुम्ही वडिलांचा अर्धांगवायू, शेतीवरचे सोसायटीचे कर्ज आणि स्वतःच्या मनःस्थितीसाठी साताऱ्यात घेतलेले उपचार सांगता. त्यातील प्रत्येक गोष्टीचा कागद जोडा. रुग्णालयाची फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या, सोसायटीचा उतारा, हे घरात पत्र्याच्या पेटीत पडलेले कागदच येथे कामाला येतात. माहिती नव्हती, हे वाक्य मात्र लिहू नका. ते प्रत्येक विलंब अर्जात असते आणि म्हणून कोणी ते गांभीर्याने घेत नाही.

सेवेतील कागद मिळवण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. सैन्य या कायद्यातून वगळलेले नाही. शुल्क दहा रुपये, अर्ज ऑनलाइनही करता येतो आणि उत्तराची मुदत तीस दिवस आहे. तुमच्या रेकॉर्ड ऑफिसकडे शीट रोल (सेवेची नोंद), कंडक्ट शीट, कोर्ट ऑफ इन्क्वायरीची संपूर्ण कार्यवाही, नोटीस, तुमचे म्हणवले गेलेले उत्तर, आणि ब्रिगेड कमांडरांच्या मंजुरीचा आदेश त्याच्या टिपणीसह मागा. हा शेवटचा कागद सर्वांत मोलाचा आहे. तो नसेल, किंवा तुमच्या उत्तराची तारीख आणि मंजुरीची तारीख एकच असेल, तर विचार न करता सही झाली हे उघड होते. पेन्शन नसलेल्या जवानांचे कागद ठरावीक वर्षांनी नष्ट केले जातात, म्हणून या एका कामात दिरंगाई नको. कोर्ट ऑफ इन्क्वायरीची कार्यवाही देण्यास नकार आला तरी हरकत नाही. तो नकार अर्जाला जोडता येतो आणि न्यायाधिकरण मूळ फाइल मागवू शकते.

पेन्शनविषयी तुमच्या आशेला मी आकडेवारीची चौकट देतो. शिपायाला सेवा पेन्शनसाठी पंधरा वर्षांची पात्र सेवा लागते. तुमची अकरा आहे. केवळ डिस्चार्ज रद्द झाल्याने पेन्शन येत नाही. मधली वर्षे सेवेत धरली गेली पाहिजेत. दुबे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच केले. पेन्शनपात्र सेवा पूर्ण होईपर्यंत तो जवान सेवेत होता असे मानावे, मधल्या काळाचा पगार मिळणार नाही, पण सेवेचे सातत्य मिळेल, असा तो आदेश होता. तुमच्या बाबतीत हीच मागणी करावी. भरतीपासून मोजता तुमची पंधरा वर्षे सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण झाली असती. पेन्शनची थकबाकी मिळाली तरी ती साधारणतः अर्ज दाखल होण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, तरसेम सिंग प्रकरणाचा हा दंडक आहे. आणि डिस्चार्जच्या वेळी मिळालेली ग्रॅच्युइटी त्यातून वळती होईल. पुन्हा वर्दी मिळावी अशी मागणी करू नका. वय आणि सेवाशर्ती पाहता ती मान्य होणार नाही, आणि तिच्यामुळे मान्य होण्याजोगी मागणी झाकोळते.

पेन्शनच्या रकमेइतकीच माजी सैनिक या दर्जाची गोष्ट महत्त्वाची आहे, हे सातारा जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. ज्या भागात अपशिंगे मिलिटरीसारखे गाव आहे, तेथे कॅन्टीन कार्ड नसलेल्या माजी जवानाकडे लोक कसे पाहतात हे तुम्ही रोज अनुभवता. केंद्राच्या व्याख्येनुसार पेन्शनसह निवृत्त झालेला जवान माजी सैनिक ठरतो. गैरवर्तन किंवा अकार्यक्षमतेवरून पेन्शनविना डिस्चार्ज झालेला ठरत नाही. म्हणूनच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तुमची नोंदणी झाली नाही आणि ईसीएचएसचे (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे) कार्डही मिळाले नाही. तेथील कर्मचाऱ्यांच्या हाती ते नव्हते. पेन्शनचा आदेश झाला की हे दोन्ही त्यामागोमाग येते, त्यासाठी वेगळा लढा द्यावा लागत नाही.

आता गावात कळण्याची भीती. ही भीती मी क्षुल्लक मानत नाही; माझ्याकडे आलेल्या अशा प्रत्येक जवानाचा पहिला प्रश्न पेन्शनचा नव्हता, हाच होता. न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम २३ नुसार सुनावणी खुली ठेवायची की इन कॅमेरा (बंद दाराआड) घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. मूळ अर्जासोबतच वेगळा अर्ज देऊन इन कॅमेरा सुनावणी आणि आदेशात नावाऐवजी आद्याक्षरे वापरण्याची विनंती करा. ती पहिल्याच तारखेपूर्वी करा, कारण एकदा नाव यादीत आणि आदेशात आले की ते मागे घेता येत नाही. पत्रव्यवहारासाठी गावचा पत्ता देऊ नका, वकिलाचा द्या. पोस्टमनच्या हातातील न्यायाधिकरणाचा लिफाफा हा खेड्यात गुप्त राहत नाही. पोलीस चौकशी किंवा गावात पंचनामा असे यात काही नसते.

शपथपत्रात तुमच्या कलाविषयी काय लिहावे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच आहे. ते संदेश माझे नव्हते, मोबाइल दुसऱ्याने वापरला, असे लिहिण्याचा मोह होतो आणि तसा सल्ला देणारेही भेटतात. असे लिहू नका. खोटे शपथपत्र हा गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे असे लिहिल्याने तुम्ही स्वतःच मान्य करता की संदेश तुमचे असते तर आदेश योग्य होता. तुम्ही समलैंगिक आहात की नाही हे न्यायाधिकरणाला ठरवायचेच नाही. त्यामुळे नाकारण्याची गरज नाही आणि तपशिलात शिरण्याचीही गरज नाही. आदेशात जी गोष्ट कारण म्हणून दिली आहे ती कायद्याने कारणच होऊ शकत नाही, एवढेच म्हणायचे आहे, आणि ते ताठ मानेने म्हणता येते.

ज्यांच्याशी तुमचे संदेश झाले ते गृहस्थ अजूनही सेवेत असल्याचे तुम्ही कळवले आहे. त्यांचे नाव, नंबर, युनिट यांपैकी काहीही अर्जात येता कामा नये. संदेशांच्या छापील प्रती जोडायच्या असतील तर ओळख पटेल असा भाग झाकून जोडा आणि तसे केल्याचे अर्जात सांगा. कलम ४६ अजून कायद्यात आहे आणि तुमच्या न्यायासाठी दुसऱ्याची नोकरी पणाला लावण्याचा हक्क आपल्यापैकी कोणालाच नाही.

अर्ज मुंबईच्या खंडपीठाकडे करायचा आहे. डिस्चार्ज झाला तेव्हा तुमचे युनिट उत्तरेकडे होते, म्हणून तिकडे जावे लागेल अशी तुमची समजूत आहे, ती बरोबर नाही. सेवेतून बाहेर पडलेल्या व्यक्तीला ती जेथे राहते त्या क्षेत्राच्या खंडपीठाकडे जाता येते, असे न्यायाधिकरणाच्या कार्यपद्धतीच्या नियमांत आहे. त्याआधी लष्करप्रमुखांच्या नावे रेकॉर्ड ऑफिसमार्फत एक निवेदन पाठवा. ते मुदत वाढवण्यासाठी नव्हे, तर कलम २१ मध्ये उपलब्ध उपाय आधी वापरण्याची अट आहे म्हणून. सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर थांबू नका. न्यायाधिकरणाने अर्ज फेटाळला तर उच्च न्यायालयाचे दार बंद नाही. मार्च २०२३ मध्ये परशोत्तम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद २२६ खालचा तो अधिकार स्पष्टपणे कायम ठेवला. ऑगस्ट २०२५ पासून साताऱ्यासह सहा जिल्ह्यांसाठी कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. मात्र न्यायाधिकरणाचा आदेश मुंबईचा असेल, त्यामुळे याचिका कोठे दाखल करायची हे त्या वेळी वकिलाकडून तपासून घ्या.

वकिलाची फी परवडत नसेल तर साताऱ्यातील जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर तेथे अर्ज द्या. प्रकरणाचा विषय तेथील खिडकीवर सांगण्याची आवश्यकता नाही, ‘सैन्यातील डिस्चार्ज आणि पेन्शन’ एवढे लिहिले तरी पुरते. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका. तो तुम्ही स्वतः याच आठवड्यात करू शकता, आणि मंजुरीचा आदेश हाती आला की निवेदनाचा मसुदा त्यावरूनच करावा लागेल.